साध्या इंग्रजीची भीती

मराठी माणसाला इंग्रजी येत नाही, हे तितकेसे खरे नाही. त्याला साधे इंग्रजी बोलायची लाज वाटते. बँकेत तीसेक वर्षे काढल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे. हवी असते दोन दिवसांची रजा. पण ‘आय बेग टू स्टेट’ने सुरुवात आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ने शेवट केल्याशिवाय अर्ज अर्जासारखा वाटत नाही.

हे इंग्रजी आपल्याला कचेऱ्यांनी शिकवले आणि कचेऱ्यांना गोऱ्या साहेबाने. गंमत अशी की, पुढे साहेबालाच त्याचा कंटाळा आला. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तिथल्याच सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले. साल 1948. ओळखीचा, नेमका शब्द वापरा, हा त्याचा रोख. 1959 साली ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने परभाषिकांसाठी ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. शब्द सुमारे 1500, वाक्ये छोटी, वेग नेहमीपेक्षा कमी. साऱ्या जगाच्या बातम्या तेवढ्यात बसत!

आमच्या शाखेत एक कॅशियर होते. हिशेबाला चोख, नोटांवर हात बसलेला. प्रमोशनची लेखी परीक्षा पास होत, पण मुलाखतीला जात नसत. “साहेब, तिथं इंग्रजीत तोंड उघडावं लागतं.” त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरे ऑफिसर होऊन गेली.

एकदा तपासणीला आलेल्या दक्षिणेकडच्या अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हते, हिंदीही जेमतेम. एका पुडक्यावरून बोलणे अडले. कॅशियर म्हणाले, “सर, आय काउंटेड टू टाइम्स. वन नोट इज लेस. प्लीज काउंट.” अधिकाऱ्यांनी मोजले, मान डोलावली. काम झाले. मी नंतर म्हटले, “मुलाखतीला एवढंच इंग्रजी लागतं.” ते हसले. “हे कसलं इंग्रजी, साहेब!” कॅशियर म्हणूनच ते निवृत्त झाले.

‘टू टाइम्स’ऐवजी ‘ट्वाइस’ हवे होते, कबूल. पण त्यांच्या प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट होती, म्हणून ती पोचली. आपली अडचण होते ती लांब वाक्यात. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. ‘वाटेत बस बंद पडल्यामुळे मला यायला उशीर झाला’ हे मनात जुळवून उलटे करायला गेले की माणूस अर्ध्यातच अडकतो. त्यापेक्षा तोडावे: ‘द बस ब्रोक डाउन. आय ॲम लेट.’

आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मुले आता धीटपणे असे तुकडे बोलतात. घरातले मोठेच मध्ये पडून व्याकरण काढतात आणि पोर गप्प होते. (पाहुण्यांसमोर तर हटकून.)

एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगावी. मराठीत अदब क्रियापदातच असते. ‘बसा’, ‘द्याल का’ म्हटले की भागते. इंग्रजी ‘गिव्ह’मध्ये ‘दे’ही आले आणि ‘द्या’ही. म्हणून छोटे वाक्य हुकमासारखे ऐकू येते आणि तिथे ‘प्लीज’ वेगळे म्हणावे लागते. आमच्या कॅशियरना ते कुणी शिकवले, कोण जाणे.