शहराची वेस आणि वेल्ह्याची खोरी

महानगरांची तुलना करावयाची झाली की दोन आकडे पुढे केले जातात : लोकसंख्या आणि क्षेत्रफळ. एकाला दुसऱ्याने भागले की घनता हाती येते, आणि अमुक शहर सर्वांत दाट, तमुक सर्वांत ऐसपैस, असा निवाडा देऊन लोक मोकळे होतात. हा भागाकार वाटतो तितका निर्दोष नाही. भाजक ठरविणारी हद्द सरकारी नकाशावर आखलेली असते. शहर मात्र त्या हद्दीला जुमानत नाही.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी पुणे महापालिकेच्या सुमारे २५० चौरस किलोमीटर क्षेत्रात ३१ लाख २४ हजार लोक राहत होते. म्हणजे दर चौरस किलोमीटरला साडेबारा हजार. पुढे २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पालिकेत आली, क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पलीकडे गेले, आणि बृहन्मुंबई महापालिकेहूनही पुण्याची हद्द मोठी झाली. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे वगळण्यात आली, तरी चित्र फारसे बदलले नाही. एका शासकीय अधिसूचनेने कागदावर पुणे विरळ झाले. पण त्यामुळे कोणाचे घर वीतभरही वाढले नाही.

जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्र पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याचे आहे. याच तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. २०११ साली येथे ५४ हजारांच्या आसपास वस्ती होती. दर चौरस किलोमीटरला शंभराहून थोडी अधिक. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या तीस टक्क्यांनी वाढली, वेल्ह्याची मात्र किंचित घटली. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले ज्या तालुक्यात आहेत, स्वराज्याचा कारभार जेथून चालला, त्या गुंजण मावळातील आणि कानंद व मोसे खोऱ्यांतील तरुण पोटासाठी शहराची वाट धरीत आहेत. पुण्याची घनता मोजताना या खोऱ्यांची जमीन कोणी हिशेबात धरीत नाही. ती धरावी काय, हाच खरा प्रश्न आहे.

दाटी आणि कोंदटपणा

प्रथम घनतेविषयीचा एक रूढ गैरसमज दूर केला पाहिजे. गगनचुंबी इमारतींचे न्यूयॉर्क दाट आणि मोटारींचे, बंगल्यांचे लॉस एंजेलिस विरळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु उपनगरांसह सलग वस्तीचा सारा पट्टा मोजला तर २०२० च्या अमेरिकन जनगणनेनुसार लॉस एंजेलिसच अधिक दाट ठरते. न्यूयॉर्कचा गाभा अतिशय दाट असला तरी त्याची उपनगरे मोठमोठ्या भूखंडांवर दूरवर विखुरलेली आहेत. उंच इमारती दिसल्या म्हणजे शहर आटोपशीर आहे, असे अनुमान काढणे म्हणूनच चुकीचे होय.

पसरण्याची किंमत काय पडते, हे नगररचनाकार अलेन बर्टो यांनी केलेल्या एका तुलनेवरून स्पष्ट होते. १९९० च्या सुमारास बार्सिलोनात २८ लाख लोक १६२ चौरस किलोमीटरमध्ये राहत होते. अटलांटात २५ लाख लोकांनी ४,२८० चौरस किलोमीटर व्यापले होते. बार्सिलोनातील बहुसंख्य रहिवाशांना मेट्रोचे स्थानक पायी गाठता येत होते. तीच सोय अटलांटात करावयाची तर आणखी सुमारे ३,४०० किलोमीटर लोहमार्ग टाकावा लागेल, असा बर्टो यांचा हिशेब होता. पसरलेल्या शहरात सार्वजनिक वाहतूक का परवडत नाही, याचे याहून सोपे उत्तर नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मुंबईचा. दाटीने मुंबईचे काय झाले ते पाहा, असे म्हटले जाते. २०११ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत दर चौरस किलोमीटरला सुमारे २८ हजार लोक होते, हे खरे. पण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची घनताही जवळजवळ तेवढीच आहे. फरक असा की मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत अख्खे कुटुंब संसार करते, आणि मॅनहॅटनमध्ये तेवढ्याच जमिनीवर माणसाला कितीतरी अधिक चटईक्षेत्र मिळते. जमिनीच्या तुकड्यावर किती माणसे, ही दाटी. खोलीत किती माणसे, हा कोंदटपणा. दाटी नीट योजली तर बस, शाळा, दवाखाना जवळ येतात. कोंदटपणा हा दारिद्र्याचा आणि चुकलेल्या गृहनिर्माण धोरणाचा परिणाम आहे. दुसऱ्याच्या भीतीने पहिलीला नाकारणे म्हणजे शहराला रानोमाळ पसरण्याचा परवाना देणे होय.

पाण्याचा हिशेब

शहराची दुसरी हद्द पाण्याची असते, आणि पुण्याची ही हद्द वेल्ह्यात जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी आंबी नदीवरील पानशेत आणि मोसे नदीवरील वरसगाव ही दोन धरणे वेल्हे तालुक्यात असून, त्या दोहोंतच २३ अब्ज घनफुटांहून अधिक, म्हणजे एकूण साठ्याच्या चार पंचमांश पाणी मावते. पुणेकर सकाळी नळ सोडतो, तेव्हा त्या पाण्यात बुडालेल्या वावरांचा आणि उठलेल्या गावांचाही वाटा असतो. खडकवासल्याचा कालवा पुढे हवेली, दौंड, इंदापूरची शेते भिजवितो. ज्या खोऱ्यांत पाणी अडते, तेथली भातखाचरे आणि नाचणी-वरईची उतारावरची शेती मात्र पावसावरच अवलंबून आहे.

पुणे शहराच्या पसरण्यालाही या पाण्याचा हातभार लागला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि मुठेकाठच्या पेठांतील हजारो संसार वाहून गेले. पूरग्रस्तांसाठी जुन्या गावठाणाबाहेर नव्या वसाहती वसल्या. पेठांच्या दाट वस्तीतून शहर बाहेर पडले, त्या वाटचालीतील हा एक मोठा टप्पा होता.

वेस पुढे सरकते आहे

आज शहर उलट दिशेने, पाण्याच्या उगमाकडे निघाले आहे. सिंहगड रस्त्याने खडकवासला, तेथून पानशेत, अशी फार्महाऊस, रिसॉर्ट आणि भूखंडांच्या जाहिरातींची रांग लागली आहे. वरसगाव जलाशयाच्या काठी मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील गावांच्या जमिनीवर लवासाचे खाजगी शहर उभारण्याचा घाट घातला गेला, त्याची पुढे झालेली दुर्दशा सर्वश्रुत आहे. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटर असून वेल्ह्याचाही काही भाग त्यात आहे.

ही वस्ती दाट नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. एका बंगल्यासाठी डोंगराचा उतार कापावा लागतो, रस्ता न्यावा लागतो. माती जलाशयात उतरते, सांडपाणीही तेथेच. आठवड्यातून दोन दिवस वापरायच्या घरासाठी वर्षभराचे पाणलोट क्षेत्र बिघडते. शंभर कुटुंबे शहरातील एका इमारतीत जेवढी जागा अडवतात, त्याच्या कित्येक पट जमीन शंभर बंगले अडवतात. पसरण्याचा खरा बोजा लोकसंख्येच्या आकड्यात दिसतच नाही.

किंमत कोणी मोजावी

मग वेल्ह्याने पुण्याच्या पाण्यासाठी जसेच्या तसे राहावे काय? असे सांगण्याचा अधिकार शहराला नाही. आधीच जमीन देऊन बसलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्यांदा त्याग करावयास सांगणे अन्यायाचे होईल. चांगला भाव आल्यावर त्याने जमीन विकली तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? भाताने जे दिले नाही, ते भूखंडाने दिले.

यावर तोड निघू शकते, हे न्यूयॉर्कने दाखविले आहे. त्या शहराचे बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येते. १९९७ साली शहराने पाणलोटातील गावांशी करार केला. अब्जावधी डॉलर खर्चून गाळणी केंद्र उभारण्याऐवजी तो पैसा गावांची सांडपाणी व्यवस्था, शेतीतील सुधारणा आणि राजीखुशीने होणारी जमीनखरेदी यांकडे वळविला. हाँगकाँगनेही आपली सुमारे चाळीस टक्के भूमी संरक्षित उद्यानांसाठी राखली आहे. त्यांतील बराच भाग पाणलोटाचा आहे, आणि शहर दाट ठेवले म्हणूनच हे शक्य झाले.

पुण्याने यापासून दोन गोष्टी घेतल्या पाहिजेत. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकांभोवती, सामान्य नोकरदाराला परवडतील अशी घरे आणि पुरेसे चटईक्षेत्र देऊन शहराने आतच वाढावे, ही पहिली. पाणीपट्टीतील ठरावीक वाटा दरवर्षी वेल्ह्याच्या शाळा, आरोग्य केंद्रे, एस.टी.च्या फेऱ्या, भाताची प्रक्रिया आणि डोंगरउतारांच्या राखणीसाठी द्यावा, ही दुसरी. हा उपकार नव्हे. ती मिळणाऱ्या पाण्याची किंमत आहे. यांपैकी एक करून दुसरी टाळता येणार नाही, कारण शहरात परवडणारे घर मिळाले नाही तर माणूस बाहेर जाणारच, आणि गावात पोट भरले नाही तर जमीन विकली जाणारच. हद्दवाढीच्या अधिसूचना काढणे त्या मानाने सोपे. पण पुण्याच्या वाढीचा कोणताही आराखडा पानशेत आणि वरसगावच्या खोऱ्यांना वगळून तयार होत असेल, तर तो अपुराच राहील.