संधिसाधू जंतूंना संधी कोण देते?

बाराशे ग्रॅम वजनाच्या एका बाळाच्या रक्ताच्या कल्चरचा अहवाल मी अनेक वर्षे जपून ठेवला आहे. तो हाती आला तेव्हा बाळ हयात नव्हते. जंतू होता क्लेब्सिएला, आणि मी दिलेल्या दोन्ही प्रतिजैविकांपुढे 'रेझिस्टंट' असे छापलेले होते.

वस्तुतः क्लेब्सिएला आपल्याला परका नाही. तुमच्या-आमच्या आतड्यात तो निमूटपणे नांदत असतो. ॲसिनेटोबॅक्टरचे गणगोत तर माती-पाण्यात विखुरलेले आहे. धडधाकट माणसाच्या वाटेला हे जंतू सहसा जात नाहीत. मात्र अपुऱ्या दिवसांचे बाळ, शिरेतील नळी, व्हेंटिलेटर अशी एखादी फट मिळाली की ते आत शिरतात. म्हणूनच त्यांना संधिसाधू म्हणतात.

परंतु संधी मिळणे ही केवळ सुरुवात होय. पोषक परिस्थितीत अर्ध्या तासात जंतूची नवी पिढी तयार होते. प्रत्येक पिढीत जनुकांची नक्कल होताना काही चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. एखादीमुळे मात्र जंतूला नळीच्या आत चिकट थर करून राहता येते किंवा औषधाला तोंड देता येते. त्यात जंतूचा कोणताही हेतू नसतो. आपण औषध देतो, दुबळे मरतात आणि उरलेल्यांना मोकळे रान मिळते. निवड निसर्गाची असली, तरी चाळण आपल्या हातातली असते.

दुसरा मार्ग उसनवारीचा. प्लास्मिडवर बसून जनुके एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जातात. कार्बापेनेम गटातील औषधे निष्प्रभ करणाऱ्या 'एनडीएम-१' जनुकाचा आरंभीचा तुकडा ॲमिकासिनला विरोध करणाऱ्या जनुकाचा आहे, आणि हा जोड ॲसिनेटोबॅक्टरमध्ये झाला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. ॲमिकासिन हे आपल्या नवजात कक्षातले रोजचे औषध! मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू तपासले गेले. त्यांपैकी २२ जंतूंत हे एनडीएम-१ आढळले. त्यांत क्लेब्सिएलाही होता.

गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जंतुदोष झालेल्या अर्भकांना आरोग्यसेविकांनी घरीच जेंटामायसिन व को-ट्रायमॉक्साझोल देऊन वाचवले. याउलट, २०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या पाहणीत नवजात जंतुदोषाच्या कारणांत ॲसिनेटोबॅक्टर अग्रस्थानी होता आणि त्याचे ८२ टक्के नमुने बहुऔषधरोधी होते. खेड्यातले घर आणि शहरातले रुग्णालय यांची सरळ तुलना करता येणार नाही, हे खरे. तरीही जंतू कोठे शिकून तयार होतात, याचे उत्तर त्यातून मिळते.

सदलग्यासारख्या दूधगंगाकाठच्या गावातून अत्यवस्थ बाळ कधी चिकोडी-निपाणीला, तर कधी कोल्हापूर वा बेळगावला जाते. तिथून बरे होऊन परतताना ते तिथला जंतूही आतड्यातून घरी आणू शकते. सीमाप्रश्न माणसांचा आहे. जंतूंना ना सीमा ठाऊक, ना भाषा.

मग आपण काय करावे? बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. नळी गरज संपताच काढावी. आईचे दूध व आईच्या उराशी मिळणारी ऊब यांना औषधाइतकाच मान द्यावा. त्यामुळे बाळाच्या अंगावर रुग्णालयातील जंतूंआधी आईचे जंतू वस्तीला येतात. कल्चर निर्जंतुक आले आणि बाळ सुधारले, तर प्रतिजैविक थांबवण्याचे धैर्य दाखवावे. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. 'असू द्यावे आणखी दोन दिवस' असे म्हणून मीही कैकदा औषध चालू ठेवले आहे. एखाद्या बाळाला त्याची गरज असेलही; पण प्रत्येक वेळी कक्षातल्या जंतूंना मी एक धडा शिकवत होतो.

तो जुना अहवाल आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रतिजैविक लिहिण्यापूर्वी खण उघडावा लागत नाही. तो तिथे आहे एवढे आठवले तरी पुरते.