डबडं म्हणून हसू नका!

गेल्या महिन्यात आमच्या गंगाखेडच्या बचत गटात भलताच वाद झाला. शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांना आम्ही डोळे झाकून कर्ज देतो. पण एकीने मुलीसाठी जुना कॉम्प्युटर घ्यायला पाच हजार मागितले, तर सगळ्या हसल्या. ‘‘पोरीच्या जातीला कामून पाहिजे कॉम्प्युटर? अन् त्या डबड्यावर शिकणार तरी काय?’’ पोरगी दारातच उभी होती, मान खाली घालून. मला राहवलं नाही.

मी आर्ट्‌सवाली, मशीनमधलं मला काय कळतंय! पण मुलाने वाचून दाखवलेलं आठवलं, तेच सांगितलं. अमेरिकेत १९८५ साली ‘अमिगा’ नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. लोक त्यावर गेम खेळायचे, चित्रं काढायचे. केप कॅनाव्हेरलला नासाच्या इंजिनिअरांनी तोच कामाला लावला. उडत्या रॉकेटकडून येणारी माहिती तो पडद्यावर दाखवायचा. बनवणारी कंपनी १९९४ मध्ये बुडाली, तरी नासाने ते अमिगा फेकले नाहीत. पुढे कित्येक वर्षं वापरले.

‘‘ताई, ते जुनं झालं,’’ एक म्हणाली. मग ‘रास्पबेरी पाय’ सांगितला. २०१२ मध्ये इंग्लंडात निघालेला, एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, तेव्हाची किंमत ३५ डॉलर. डिसेंबर २०१५ मध्ये असे दोन अंतराळ स्थानकावर गेले, शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे चालवायला! आणि गंमत बघा, आपल्या चुलीवरची वाफ वर जाते. तिथे वजनच जाणवत नाही, म्हणून गरम हवा वर न जाता यंत्राभोवतीच कोंडते. त्यासाठी ॲल्युमिनियमची जाड पेटी केली, ती उष्णता ओढून घेते. आतला कॉम्प्युटर मात्र घरातलाच. ही योजना युरोपातल्या मुलांसाठी. आपल्या पोरींना तिथे जागा नाही, हे मला अजून खटकतं.

बायका गप्प झाल्या. हसणाऱ्या मावशींनीच आधी हात वर केला. कर्ज मंजूर, दहा हप्त्यांत!

मॉनिटरपुरते पैसे काही उरले नाहीत, म्हणून घरचाच टीव्ही जोडलाय. आता संध्याकाळी आजीची मालिका की नातीचा अभ्यास, यावरून रोज जुंपते. परवा आजीच माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या.