फटफट्यांच्या शर्यती आणि विक्रमाचे घड्याळ

ब्रेक नसलेल्या वाहनावर बसून भरधाव वळण घेण्याचा विचार कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु ज्या खेळाविषयी आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे, त्यात मोटारसायकलला ब्रेक असताच कामा नये, असा नियमच आहे. या खेळाला स्पीडवे म्हणतात. वस्त्रोद्योगाच्या शिक्षणासाठी १९७५ ते १९७८ ही वर्षे मी मँचेस्टर येथे काढली. तेथील शनिवारच्या संध्याकाळी मी अभ्यासाची पुस्तके मिटून या शर्यती पाहावयास जात असे. त्या छंदाने मला दोन गोष्टी शिकविल्या : वेग कसा मोजावा ही एक, आणि मोजमापाच्या पलीकडे काय उरते ही दुसरी.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगतो. लंबवर्तुळाकार धावमार्ग, त्यावर आपल्याकडील मुरुमासारखा दगडाचा भुगा पसरलेला, आणि त्यावर चार स्वार. डावीकडे वळत वळत चार फेऱ्या पुऱ्या करावयाच्या. एक शर्यत एका मिनिटाच्या आसपास संपते. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक आणि शेवटच्यास काहीच नाही. संघांचा सामना असला, म्हणजे प्रत्येक संघाचे दोन दोन स्वार असतात. हिशेब इतका सोपा की लहान मूलही कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीने गुण मांडू शकते.

यंत्रही तितकेच साधे असते. पाचशे घनसेंटीमीटरचे एकच सिलिंडर, एकच गिअर, आणि इंधन म्हणून पेट्रोलऐवजी मेथॅनॉल. मेथॅनॉल जळताना यंत्र तुलनेने थंड राहते, आणि सिलिंडरमधील दाब पुष्कळ वाढविता येतो. वंगणासाठी त्या काळी एरंडेल वापरीत. लहानपणी ज्या एरंडेलाच्या नावाने आपण घर सोडून पळत होतो, त्याचाच जळका सुवास हजारो इंग्रज मंडळी डोळे मिटून छातीत भरून घेत आहेत, हे दृश्य पाहून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढे मीही त्यांच्यातलाच एक झालो.

आता ब्रेकवाचून वळण कसे घ्यावयाचे? स्वार वळणाच्या तोंडाशी येतो, तेव्हा तो वेग आवरून धरण्याऐवजी मागचे चाक मुद्दाम घसरू देतो. गाडी आडवी होते. पुढचे चाक वळणाच्या उलट, म्हणजे उजवीकडे, रोखलेले असते. आणि पोलादी तळ बसविलेला डावा पाय जमिनीवर टेकून तो तोल सांभाळतो. घसरणाऱ्या चाकाला किती शक्ती द्यावयाची, यावरच दिशा ठरते. म्हणजे येथे सुकाणूचे काम हँडलाइतकेच उजव्या मुठीतील थ्रॉटल करतो. चौघेही असे आडवे होऊन एकमेकांपासून हातभर अंतरावर चालले असता एखादा पुढे पडला, तर मागच्याने काय करावयाचे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पुढे येणारच आहे.

हा खेळ ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधील मेटलंड येथे १९२३ साली झालेल्या शर्यतींमुळे नावारूपास आला, आणि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळील हाय बीच येथे भरलेल्या मेळाव्यापासून त्याने इंग्लंड जिंकले. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, हाइड रोडवर, शर्यतींसाठी प्रेक्षागार उभे राहिले. माझ्या शनिवारांचे ठिकाण ते हेच.

माझ्या शेजारी नेहमी एक वृद्ध गृहस्थ बसत. आयुष्यभर गिरणीत काम करून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात थांबते घड्याळ असे. प्रत्येक शर्यतीची वेळ ते पत्रिकेवर टिपून घेत. धावमार्गाचा विक्रम म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावून दिले. प्रारंभीच्या फिती वर उडाल्या की घड्याळ सुरू होते, आणि चार फेऱ्या पुऱ्या करून पहिला स्वार रेषा ओलांडतो तेव्हा थांबते. म्हणजे या वेळेत स्थिर उभ्या गाडीने वेग घेण्याचा काळही धरलेला असतो.

येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. निरनिराळ्या धावमार्गांवरील विक्रमांच्या वेळा शेजारी शेजारी मांडून तो म्हणतो, ज्याची वेळ कमी तो मार्ग अधिक वेगाचा. आपण हिशेब करून पाहू. समजा, तीनशे मीटर लांबीच्या मार्गावर चार फेऱ्यांना ६० सेकंद लागले. अंतर झाले १,२०० मीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर. हाइड रोडची एक फेरी सुमारे ३८२ मीटरांची होती. तेथे चार फेऱ्यांना समजा ७० सेकंद लागले, तर अंतर १,५२८ मीटर होते आणि वेग ताशी ७८ किलोमीटरांच्या वर जातो. वेळ दहा सेकंद अधिक, तरी वेग अधिकच! आणि ही सरासरी झाली. सरळ भागात वेग याहून पुष्कळ वाढतो.

दुसरी मौज अशी की विक्रम बहुधा संध्याकाळच्या पहिल्या काही शर्यतींतच मोडतात. त्या वेळी मार्ग नुकताच सपाट केलेला आणि पाणी मारून दाबलेला असतो. पुढे चाकांनी उडविलेला भुगा बाहेरच्या कुंपणाकडे जमत जातो, आणि आतला भाग गुळगुळीत होतो. मग एखादा धाडसी स्वार लांबचा रस्ता पत्करून कुंपणालगतच्या त्या भुग्यात चाक रोवतो आणि साऱ्यांना बाहेरून मागे टाकतो. घड्याळाला त्याचे कौतुक नसते. प्रेक्षक मात्र उभे राहतात. आमच्या पीटर कॉलिन्सची कीर्ती याच कलेसाठी होती. १९७६ सालच्या सप्टेंबरात पोलंडमध्ये झालेल्या अंतिम स्पर्धेत तो जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्या विजयानंतरच्या एका शनिवारी आजोबांनी आपले घड्याळ माझ्या हाती दिले. थंडीने त्यांची बोटे आखडली होती. मी मोठ्या जबाबदारीने कळ दाबली. परंतु तिसऱ्या फेरीत कॉलिन्स शेवटून पहिल्या क्रमांकाकडे असा काही झेपावला की मी देहभान विसरलो. भानावर आलो तेव्हा शर्यत संपून गेली होती आणि काटा अजून धावतच होता. मी ओशाळून क्षमा मागितली. आजोबा रागावले नाहीत. पत्रिकेवरील वेळेचा रकाना त्यांनी तसाच कोरा ठेवला, आणि मला पीटर क्रेव्हनची हकीकत सांगितली.

क्रेव्हन हा बेल व्ह्यूचा लहानखुऱ्या अंगाचा स्वार, तोल सांभाळण्यात अद्वितीय. १९५५ आणि १९६२ अशा दोन वर्षी तो जगज्जेता झाला. २० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरो येथील शर्यतीत त्याच्यापुढचा स्वार पडला. त्याला वाचविण्यासाठी क्रेव्हनने गाडी वळविली आणि तो स्वतः कुंपणावर आदळला. चार दिवसांनी त्याचा अंत झाला. मघाच्या प्रश्नाचे उत्तर हे. ही बातमी आल्यावर आजोबांनी वर्षभर घड्याळ घरीच ठेवले होते. क्रेव्हनच्या वेळा त्यांच्या जुन्या पत्रिकांवर होत्या. पण त्या अखेरच्या क्षणाला किती सेकंद लागले, हे विचारण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता.

१९८७ च्या नोव्हेंबरात हाइड रोडवर शेवटची शर्यत झाली, आणि ती जागा विकली गेली. संघ जवळच्याच दुसऱ्या मैदानावर गेला; २०१६ पासून त्याच परिसरातील नव्या प्रेक्षागारात तो खेळू लागला. जुन्या मार्गाचा विक्रम मात्र आता कोणालाही मोडता येणार नाही. चालू विक्रम हे पुढच्या स्वाराला दिलेले आव्हान असते. मार्गच नाहीसा झाला म्हणजे तो बंद झालेल्या खातेवहीतील शेवटचा आकडा होतो.

आजोबांनी ती पत्रिका त्याच रात्री मला देऊन टाकली. ती अजून माझ्यापाशी आहे. तिच्यावरील वेळा वाचून आज मला एकही शर्यत आठवत नाही. ज्या शर्यतीचा रकाना कोरा आहे, ती तेवढी आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांपुढे उभी राहते.