बटण दाबल्यावर येतो कोण?

ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक ‘टेलिकेअर’ नावाच्या सेवेच्या भरवशावर आपापल्या घरी राहतात. बहुतेक वयस्कर, काही अपंग, काही स्मृतिभ्रंश झालेले. सेवेचे नेहमीचे रूप अगदी साधे आहे. गळ्यात किंवा मनगटावर एक बटण, टेलिफोनशेजारी एक खोके आणि तारेच्या पलीकडे चोवीस तास जागे असलेले केंद्र. बटण दाबले की खोके स्वतःच केंद्राला फोन लावते. केंद्रातल्या माणसाच्या पडद्यावर नाव, वय, दुखणी, जवळ राहणाऱ्या नातलगांचे नंबर आणि घराच्या किल्लीची जागा उमटते. खोक्यातल्या मोठ्या स्पीकरमधून विचारणा होते आणि पडलेल्या माणसाला रिसीव्हरपर्यंत पोहोचावे न लागता बोलता येते. बटण आणि खोके यांच्यातला निरोप रेडिओलहरींवर जातो. युरोपात ८६९ मेगाहर्ट्‌झजवळचा एक छोटा पट्टा अशा उपकरणांसाठी राखून ठेवला आहे, म्हणजे इतर यंत्रांच्या गोंगाटात हाक हरवू नये. बटण पाण्यात भिजले तरी चालते, कारण ते न्हाणीघरातही अंगावर असणे अपेक्षित आहे.

या सगळ्याच्या मुळाशी पडण्याची भीती आहे, आणि त्याहून जास्त पडून राहण्याची. कितीतरी वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली दबतात, त्यांतली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो, कातडीला जखमा होतात, थंडीच्या देशात अंग गार पडते. हाड मोडलेले नसले तरी ही पडझड होते. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ६० टक्के वर्षभरात निदान एकदा पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि ३० टक्के तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. हाकेची सोय अनेकांच्या घरी होती, तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ती वापरली गेली नाही. काहींना बटणापर्यंत पोहोचता आले नाही, काहींना ते आपल्यासाठी आहे असेच वाटत नव्हते, काहींना आपले आपण उठायचे होते. बटण घालणे म्हणजे म्हातारपणावर सही करणे, असे वाटणाऱ्यांना नुसते हट्टी म्हणून सोडून देता येत नाही.

असे आपल्या घरी राहण्याला ‘स्वतंत्र जगणे’ म्हणतात; हा शब्दप्रयोग वृद्धांच्या नव्हे, अपंगांच्या चळवळीतून आला. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९६० च्या सुमारास रेग मेलिंग नावाचे गृहस्थ रुग्णांना भेटायला जात. मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसांना परिचारिकेला बोलावायला जेमतेम एखादी शिट्टी असायची. मेलिंग यांनी नळीत फुंकून किंवा हवा ओढून चालवता येईल असे यंत्र तयार केले. त्यावर दिवा लावता येई, फोन घेता येई, टाइपरायटर चालवता येई. ‘पॉसम’ हे त्याचे नाव, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला जमते’. पुढे हॅम्पशायरमधल्या ल कोर्ट या निवासी संस्थेतल्या काही अपंगांनी ‘प्रोजेक्ट ८१’ हाती घेतला. संस्था सोडून गावात आपल्या घरी राहायचे, संस्थेवर होणारा खर्च आपल्या हाती घ्यायचा आणि मदतनीस आपण नेमायचा, ही त्यांची मागणी. अशा रेट्यातून १९९६ चा कायदा झाला आणि स्थानिक कौन्सिलना मदतीऐवजी थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. या मंडळींच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हते. दुसऱ्याच्या हाताने करवून घेतानाही कधी, कसे आणि कोणाकडून, हे आपण ठरवणे हा त्याचा अर्थ होता.

वृद्धांकडे तंत्र वेगळ्या वाटेने आले. शेल्टर्ड हाउसिंगच्या, म्हणजे वृद्धांसाठीच्या घरांच्या, इमारतींत देखरेखीला वॉर्डन राहत असे आणि प्रत्येक खोलीत छतापासून लोंबणारी दोरी असे. ओढली की वॉर्डनच्या घरी घंटा वाजायची. वॉर्डन परवडेनासे झाले तशी घंटा दूरच्या केंद्रात गेली. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म होर्मान आणि अमेरिकेत अँड्र्यू डिबनर यांनी घरगुती हाकेच्या व्यवस्था उभ्या केल्या. डिबनर यांची कंपनी १९७४ ची.

बटणाची अडचण अशी की बेशुद्ध माणूस ते दाबू शकत नाही आणि स्मृतिभ्रंश झालेल्याला ते कशासाठी आहे हे आठवत नाही. म्हणून पुढची उपकरणे दाबण्याची वाट न पाहणारी निघाली. पडल्याचा धक्का ओळखणारे पट्टे, रात्री उठून बराच वेळ न परतल्यास कळवणारी पलंगावरची चकती, अवेळी दार उघडल्यास सूचना देणारा सेन्सर, वेळेला वाजून तेवढ्याच गोळ्या पुढे करणारी डबी, धूर आणि गॅस ओळखणारी यंत्रे. यांतले सर्वांत लोभस उपकरण जपानचे आहे. झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची अशी किटली आणली की ती वापरली गेल्याचा निरोप दूर राहणाऱ्या मुलांना जातो. आईने सकाळी पाणी ओतले, म्हणजे आई उठली. कॅमेऱ्याने खोलीत डोकावण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य. दारावरच्या सेन्सरची गोष्ट मात्र तितकी सरळ नाही: भटकणाऱ्या माणसाला तो वाचवतो, आणि फिरायला निघालेल्यालाही तोच अडवतो.

हाक पोहोचल्यावर पुढे काय, हा प्रश्न उपकरणापेक्षा मोठा आहे. केंद्र आधी नोंदवलेल्या मुलाला, शेजाऱ्याला फोन करते, गरज पडल्यास रुग्णवाहिकेला. दाराबाहेर भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते. किल्ली तिच्यात, म्हणजे दार फोडावे लागत नाही. काही कौन्सिल स्वतःचे फिरते पथक ठेवतात. त्यांच्याजवळ हवा भरून माणसाला बसते करणारी गादी असते. केंद्रात येणाऱ्या हाकांपैकी पुष्कळ चुकून दाबलेल्या असतात, काही बटण चालते का हे पाहण्यासाठीच्या, आणि काही नुसते कोणाशी तरी बोलावे म्हणून. हिशेबात या शेवटच्या हाका वाया गेलेल्या धरल्या जातात. तो हिशेब कोता वाटतो.

पैसा वाचतो का? ब्रिटिश सरकारने २००८ मध्ये कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधल्या न्यूहॅम येथे ‘होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर’ ही मोठी चाचणी सुरू केली. मधुमेह, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्या ३,२३० रुग्णांच्या गटात, घरून रक्तदाब-साखर कळवणाऱ्यांपैकी वर्षभरात ४.६ टक्के दगावले, इतरांपैकी ८.३ टक्के. सरकारने हा आकडा जोरात मिरवला. खर्चाचा ताळा मांडल्यावर उत्साह ओसरला: चांगल्या प्रकृतीचे एक वर्ष मिळवायला साधारण ९२,००० पौंड, आणि तेव्हाची मान्य मर्यादा २० ते ३० हजारांची. त्याच चाचणीतल्या बटण-सेन्सरवाल्या वेगळ्या गटात रुग्णालयात जाण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसलाच नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या ४९५ जणांवरच्या ‘अटिला’ चाचणीतही सगळी उपकरणे मिळालेले आणि मोजकीच मिळालेले, दोघेही साधारण सारखाच काळ घरी राहू शकले. उपकरणे निरुपयोगी ठरली असा याचा अर्थ नाही. घरी येणाऱ्या मदतनिसाचे तास कापून भिंतीवर सेन्सर लावला की तेवढेच काम होईल, या हिशेबाला मात्र आधार मिळाला नाही.

सध्या ब्रिटनमध्ये चिंता आहे ती तारेचीच. तांब्याच्या जुन्या टेलिफोन-तारेतून एक्स्चेंजची वीजही येते, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालतो. हे जाळे जानेवारी २०२७ अखेर बंद करून सर्व फोन इंटरनेटवर न्यायचे ठरले आहे. नवा फोन घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की राउटर बंद, आणि बॅटरीची सोय नसेल तर हाकही बंद. शिवाय जुनी खोकी केंद्राशी सुरांच्या भाषेत बोलतात, आणि इंटरनेटवरून जाताना ते सूर कधी कधी बिघडतात. बदल करताना काही ठिकाणी खोकी मुकी झाल्याचे गंभीर प्रसंग उघडकीस आल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी ग्राहकांना सक्तीने हलवणे थांबवले. कोणाच्या घरी असे खोके आहे याची पूर्ण यादी टेलिफोन कंपन्यांकडे नव्हतीच. ती कौन्सिलांकडून आणि सेवा पुरवणाऱ्यांकडून गोळा करावी लागली.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते. मुले लंडन, बे एरिया किंवा बंगळुरूला आणि आईवडील पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्ये, हे चित्र आता नवे नाही. पडल्याचे ओळखणारी घड्याळे इथेही विकत मिळतात, पण ब्रिटनमधल्या कौन्सिलसारखे त्यांच्या मागे उभे राहणारे कोणी नसते. घड्याळ कळवते ते सातासमुद्रापलीकडच्या मुलाला, आणि तो तिथून इमारतीच्या वॉचमनला फोन लावतो. ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते आणि सल्ला व मार्गदर्शनासाठी आहे. रात्री तातडीची मदत हवी असेल तर ११२. बाकी दिवसाची चौकशी अजून बरीचशी शेजाराकडे आहे. दाराला अडकवलेली दुधाची पिशवी नऊ वाजले तरी आत गेली नसेल तर समोरचे बेल वाजवतात, आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते.