वाऱ्याच्या खुणेला किती मोकळीक?

राइट टाउनमध्ये बसून जबलपूरचा वारा नकाशावर काढायचा, तर मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी पायथन-लायब्ररी खुणेचा रंग, लांबी, जाडी सारे बदलू देते. खुणेच्या काठीवरची पिसे वेग सांगतात; त्यांची किंमतसुद्धा. किंमत मात्र बदलू नये. अर्धे पीस ५ नॉट, पूर्ण १०, त्रिकोणी पताका ५० हा संकेत जगभर वाचला जातो. हिवाळ्यात इथला वारा मंद, सगळीकडे रिकामी वर्तुळेच दिसतात, मग किंमत घटवली तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. पण मग झुळूकही वादळ वाटेल; फरक दाखवायला रंगछटा पुरतात. उलट चूक अधिक घातक: सेकंदाला १० मीटर म्हणजे सुमारे १९ नॉट, पण आकडे तसेच दिले तर दोन पिसांऐवजी एकच उमटते. आधी १.९४ने गुणा, मगच नकाशा काढा.