‘मा’ म्हणजे आई की घोडा?

बालमित्रांनो, सकाळी उठल्यावर घरात पहिला शब्द कोणता ऐकू येतो? बहुतेक घरांत, "चहा झाला का गं?" हाच. आता गंमत ऐका. हा ‘चहा’ मूळचा चीनचा! चिनी भाषेत चहाला ‘छा’ म्हणतात. ‘लिची’ हे नावही तिकडूनच आलं. म्हणजे मावळ न सोडता दोन चिनी शब्द तुम्हांला आधीच येतात. पण समजा, उद्या तुम्हांला खरोखरच चीनमध्ये नेऊन एखाद्या वर्गात बसवलं, तर?

हा प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गाला विचारला होता. त्याला कारणही तसंच होतं.

आमची शाळा मावळात, तळेगावच्या एमआयडीसीपासून जवळ. जूनमध्ये ओडिशातून आलेला एक मुलगा वर्गात दाखल झाला. त्याचे वडील कारखान्यात कामाला. महिना झाला तरी पोरगा तोंडातून शब्द काढीना. एके दिवशी फळ्याखाली मुंग्यांची रांग दिसली आणि तो आनंदाने ओरडला, "पिंपुडी!" सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगू? मलाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चूक माझी होती. मी त्याच्या खोलीवर गेले, त्याला घेऊन आले आणि वर्गाला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगते.

सोलापूरचा डॉक्टर

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. जखमींवर उपचार करायला भारतातून पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये बोटीने निघाले. त्यांतले एक कोटणीस. वय अवघं २७ वर्षं.

तिथे सगळंच वेगळं. येनान गावात लोक मातीच्या डोंगरात कोरलेल्या घरांत राहायचे. आपल्या भाजे-बेडशाच्या लेण्यांत संसार थाटल्यासारखंच की! खायला बऱ्याचदा राळ्याचा भात. सोलापूरच्या ज्वारीच्या भाकरीची आठवण आली नसेल का?

पण खरी अडचण निराळीच होती. जखमी सैनिक येणार आणि "इथे दुखतंय हो" हे सांगणार चिनी भाषेत! दुभाषा दर वेळी शेजारी असेलच असं नाही. म्हणून डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाले. बोलायला शिकले, वाचायला शिकले. पुढे तर तिथल्या विद्यार्थ्यांना ते चिनी भाषेतून वैद्यकशास्त्र शिकवू लागले. १९४१ मध्ये त्यांना एका मोठ्या रुग्णालयाचं प्रमुख केलं गेलं. लोकांनी त्यांना ‘क तीहुआ’ असं आपल्यातलंच नाव दिलं. त्यातल्या ‘हुआ’चा अर्थ चीन. को छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन!

९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, आजारपणाने ते गेले. पाच जणांतले बाकीचे सगळे मायदेशी परतले, कोटणीस मात्र तिथल्याच मातीत विसावले. चीनमध्ये आजही त्यांची आठवण काढतात.

चार सुरांची भाषा

आता चिनी शिकणं किती अवघड, ते पाहू या. ‘मा’ म्हणून बघा. सूर उंच आणि सपाट ठेवला तर ‘मा’ म्हणजे आई. "हो का?" असं नवलाने विचारताना जसा आवाज चढतो, तसा चढवला तर दोराचं एक झाड. आवाज खाली नेऊन वर आणला तर घोडा. आणि "बस!" म्हणताना जसा खाली आपटतो, तसा आपटला तर रागावणं! म्हणजे नवा विद्यार्थी आईची आठवण सांगायला जायचा आणि घोड्याची सांगून बसायचा. लोक हसायचे. तरी बोलायचं! जो हसण्याला भ्यायला, त्याची भाषा तिथेच अडली.

लिपीही वेगळी. आपल्यासारखी बाराखडी नाही. एकेका शब्दाला चिन्हं. पण त्यांतही गोष्टी दडलेल्या असतात. झाडाचं चिन्ह एकदा काढलं की झाड, शेजारी शेजारी दोनदा काढलं की वन, तीनदा काढलं की घनदाट रान. सूर्य आणि चंद्र एकत्र काढले की उजेड. वर्तमानपत्र वाचायला अशी अडीच-तीन हजार चिन्हं यावी लागतात. चिनी मुलंसुद्धा ती चौकटीच्या वहीत रोज गिरवतात. तुमची गणिताची वही असते ना, तशीच.

पेकिंगचा विद्यार्थी

१९४७ मध्ये भारत सरकारने काही तरुणांना शिष्यवृत्ती देऊन चीनमध्ये शिकायला पाठवलं. त्यांत वसंत वासुदेव परांजपे हे मराठी तरुण होते. ते पेकिंग विद्यापीठात दाखल झाले. पेकिंग म्हणजे आजचं बीजिंग. तिथला हिवाळा असा, की पारा शून्याच्या खाली. आणि पाऊस? आपल्या लोणावळ्यात एकट्या जुलैत जेवढा कोसळतो, त्याच्या निम्मासुद्धा तिथे वर्षभरात पडत नाही. इंद्रायणी तांदळाचा भात विसरा. तिथे गव्हाचे वाफवलेले गोळे आणि शेवया, त्याही दोन काड्यांनी खायच्या! त्यातच देशात यादवी युद्ध चालू, भाव रोज चढते. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ‘पिनयिन’ ही आजची सोपी पद्धत १९५८ मध्ये आली. तेव्हा तीही नव्हती.

तरी परांजपे शिकले, आणि असे शिकले, की ऑक्टोबर १९५४ मध्ये पंडित नेहरू चीनला जाऊन माओ झेडाँग यांना भेटले, तेव्हा दुभाषाचं काम परांजप्यांनी केलं. पुढे ते भारताचे राजदूतही झाले.

अलीकडच्या काळातही आपल्याकडची पुष्कळ मुलं डॉक्टर व्हायला चीनला गेली. पुस्तकं इंग्रजीत असली, तरी पेशंट चिनीच बोलतो. त्यामुळे कोटणिसांचा धडा त्यांनाही गिरवावा लागतोच. त्यांतलं कुणी इथून जाताना पिशवीत चिक्की नेत असेल, तर एक गंमत सांगते. शेंगदाण्याची चिक्की तिथेही मिळते! तिला ‘हुआशंग थांग’ म्हणतात.

आपल्या दारी आलेले

मुलांनो, शिकायला फक्त आपणच बाहेर जातो असं नाही बरं का! सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा चिनी भिक्षू भारतात आला, नालंदाला शिकला, महाराष्ट्रातही येऊन गेला. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब बघितलेत? त्यांतल्या काहींवर दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावं कोरलेली आहेत. यवन म्हणजे परके लोक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मावळाने परक्यांची नावं आपल्या दगडावर कोरून घेतली. मग आपल्याला एका मुलाला बाकावर नीट जागा देता येऊ नये?

गोष्ट संपली तेव्हा वर्ग शांत होता. मग एक मुलगी उठली, त्या मुलाजवळ गेली आणि मुंगीकडे बोट दाखवून म्हणाली, "पिंपुडी?" तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मुंगी." हा त्याचा वर्गातला पहिला मराठी शब्द.

आता फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज दोन शब्द लिहिले जातात, एक मराठी आणि एक त्याचा. त्याचा उच्चार आमच्याकडून चुकला, की तो पोट धरून हसतो. हसू दे! आता आमची पाळी आहे.

तुमच्या वर्गात असं कुणी नवं आलंय का? मग उद्या त्याला एकच विचारा, "तुझ्या भाषेत मुंगीला काय म्हणतात रे?"